पायरेट्सनी बेन चेरिंग्टन यांना घरी पाठवावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिट्सबर्ग पायरेट्स हा मेजर लीग बेसबॉलमधला जुना, मानाचा आणि गेली तीसेक वर्षं बहुतेक वेळा हरणारा संघ. २०२५ चा हंगाम त्यांनी ७१ विजय आणि ९१ पराभवांवर संपवला. मॅनेजरची नोकरी मे महिन्यातच गेली होती. जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन यांची खुर्ची मात्र शाबूत राहिली. अमेरिकेत येऊन बेसबॉल बघायला लागलेली मराठी मंडळी आणि क्रिकेटवर वाढलेले भारतातले नातेवाईक यांच्याकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. माहिती जानेवारी २०२६ पर्यंतची आहे.

मॅनेजर आणि जनरल मॅनेजर एकच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. मॅनेजर खेळाडूंसारखाच युनिफॉर्म घालून डगआउटमध्ये बसतो. फलंदाजीचा क्रम लावणं, पिचर (चेंडू टाकणारा) कधी बदलायचा ते ठरवणं, अंपायरशी भांडून मैदानाबाहेर जाणं ही त्याची कामं. जनरल मॅनेजर, म्हणजे जीएम, वर काचेच्या खोलीत असतो. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला ट्रेड करायचं (दुसऱ्या क्लबला देऊन बदल्यात दुसरे खेळाडू घ्यायचे), ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, कोणाचं नाव पुकारायचं, मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या, संघांत पोरांना कोण आणि कसं शिकवणार, हे सगळं त्याच्या हातात. मॅनेजरही तोच नेमतो.

क्रिकेटमध्ये असं एक पद नाही. निवड समितीचा अध्यक्ष, आयपीएल लिलावात टेबलावरून पॅडल उचलणारा आणि अकादमीचा संचालक या तिघांना एकाच खुर्चीत बसवलं तर साधारण अंदाज येईल. अलीकडे बऱ्याच क्लबांनी जीएमच्या वर ‘प्रेसिडेंट ऑफ बेसबॉल ऑपरेशन्स’ असं भारदस्त पद काढलं आहे. पिट्सबर्गमध्ये तसं नाही. बेसबॉलचं खातं चेरिंग्टनच बघतात.

एका वाक्यात सांगा, काढावं की नाही?

काढावं, पण ९१ पराभवांसाठी नव्हे. सहा वर्षांत घरचा एक धड फलंदाज उभा करता आला नाही म्हणून.

ते आले तेव्हा हातात काय होतं?

फारसं काही नव्हतं, आणि हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं पायरेट्सचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांत इतकी लांब पडझड दुसऱ्या कुठल्याच संघाची नाही. नील हंटिंग्टन जीएम असताना ती साखळी तुटली. २०१३, २०१४ आणि २०१५ अशी तीन वर्षं संघ प्लेऑफमध्ये गेला. १ ऑक्टोबर २०१३ ची ती रात्र पिट्सबर्गवाले अजून सांगतात. सगळं स्टेडियम काळे कपडे घालून आलेलं, सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो याचं नाव गाण्यासारखं ओढून ओढून घेतलं जात होतं, तेवढ्यात त्याच्या हातातून चेंडू सटकला आणि पुढच्याच पिचवर (चेंडूवर) पायरेट्सच्या रसेल मार्टिनने होमरन मारला.

मग उतरण लागली. २०१८ च्या जानेवारीत अँड्र्यू मॅककचन आणि गेरिट कोल हे दोन्ही मोहरे विकले गेले. त्याच वर्षी जुलैत क्रिस आर्चरसाठी हंटिंग्टननी टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे देऊन टाकले. अलीकडच्या काळातल्या सर्वांत फसलेल्या ट्रेडच्या यादीत हा सौदा आजही वर असतो. २०१९ च्या शरद ऋतूत मॅनेजर, क्लबचा प्रेसिडेंट आणि जीएम असे तिघेही गेले, आणि नोव्हेंबरात चेरिंग्टन आले. बोस्टनने २०१३ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकली तेव्हा तिथले जीएम तेच होते, म्हणजे माणूस नवखा नव्हता.

मग सहा वर्षांत काय झालं?

२०२० च्या कोविडमुळे छोट्या झालेल्या हंगामात १९ विजय, ४१ पराभव. २०२१ मध्ये १०१ पराभव, २०२२ मध्ये १००. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी अगदी सारखाच ताळेबंद: ७६ विजय, ८६ पराभव. आणि २०२५ मध्ये ७१–९१.

पहिली दोन-तीन वर्षं त्यांच्या नावावर मांडणं अन्यायाचं होईल. ते उघड उघड रीबिल्ड होतं: स्टार्लिंग मार्टे, जॉश बेल, जो मसग्रोव्ह, जेम्सन टायोन यांना विकून तरुण पोरं गोळा करायची, हरायचं, हरल्यामुळे मिळणारे वरचे ड्राफ्ट क्रमांक वापरायचे. खरा सवाल २०२४ आणि २०२५ चा आहे. पाचव्या-सहाव्या वर्षी आलेख वर चढायला हवा होता. तो सपाट झाला आणि मग खाली आला.

पण पॉल स्कीन्स त्यांनीच घेतला ना?

घेतला, आणि योग्यच घेतला. २०२३ च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, २०२४ चा रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित), २०२५ चा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेता. दर ९ इनिंगमागे २ पेक्षा कमी धावा, नेमकं सांगायचं तर १.९७.

मात्र तो पहिला क्रमांक आला कुठून? २०२२ च्या हंगामात पायरेट्सपेक्षा वाईट खेळलेले संघ होते. जुन्या नियमाने पहिली निवड वॉशिंग्टनची असती. नेमकी त्याच वर्षी ड्राफ्टसाठी लॉटरी पहिल्यांदा सुरू झाली आणि पायरेट्सची चिठ्ठी निघाली. चिठ्ठी निघाल्यावर नीट निवड करणं हे श्रेय आहेच, कारण २०२१ मध्येही पहिला क्रमांक त्यांच्याकडेच होता आणि तेव्हा घेतलेला कॅचर हेन्री डेव्हिस याची मेजर लीगमधली एकूण सरासरी अजून ०.२०० च्याही खाली आहे.

फलंदाजीबद्दल इतकी ओरड का?

कारण सगळं दुखणं तिथे आहे. २०२५ मध्ये तीस संघांत सर्वांत कमी धावा पायरेट्सच्या, आणि सर्वांत कमी होमरनही त्यांचेच. कोलोरॅडो रॉकीजसारखा ११९ सामने हरलेला संघसुद्धा यांच्यापेक्षा जास्त धावा करून गेला.

आकड्यांपेक्षा एक दुपार बघा. १८ मे २०२५, फिलाडेल्फिया. स्कीन्सने आठ इनिंग टाकल्या, तीन हिट दिले, एक धाव दिली. त्याच्या मेजर लीगमधल्या आयुष्यात एकट्याने पूर्ण टाकलेला तो पहिला सामना. निकाल: पायरेट्स ०–१ ने पराभूत. त्या वर्षी साय यंग जिंकणाऱ्या या पोराचा जय-पराजयाचा हिशेब १०–१० असा निघाला. १.९७ वाल्या पिचरने दहा सामने हरणं म्हणजे दुसऱ्या बाजूला बॅट हातात घेऊन उभ्या असलेल्यांनी काय दिवे लावले असतील ते समजून घ्या.

आता जरा खोलात जाऊ. संघात जे बरे फलंदाज आहेत ते आले कुठून? ब्रायन रेनॉल्ड्स मॅककचनच्या ट्रेडमध्ये आला, म्हणजे हंटिंग्टनच्या काळात. ओनील क्रूझ २०१७ मध्ये डॉजर्सकडून आला, तोही हंटिंग्टनच्याच काळात. केब्रायन हेज २०१५ च्या ड्राफ्टमधला, तोही आधीचाच. चेरिंग्टननी २०२२ मध्ये हेजला आठ वर्षांचा, ७ कोटी डॉलरचा करार दिला. तिसऱ्या बेसवर त्याच्यासारखा क्षेत्ररक्षक शोधून सापडणार नाही, पण बॅट कधी बोललीच नाही, आणि जुलै २०२५ मध्ये त्याला सिनसिनाटीला देऊन टाकावं लागलं.

चेरिंग्टन यांनी स्वतः वरच्या क्रमांकांवर घेतलेले फलंदाज म्हणजे २०२० मध्ये सातव्या क्रमांकावर निक गोन्झालेस, २०२१ मध्ये पहिल्यावर डेव्हिस, २०२२ मध्ये चौथ्यावर टर्मार जॉन्सन. गोन्झालेस ठीकठाक, डेव्हिसचं वर सांगितलं, जॉन्सन अजून मायनर लीगमध्येच. याच माणसाने पिचर मात्र रांगेने काढले: स्कीन्स, जेरेड जोन्स, बबा चँडलर. म्हणजे स्काउटिंग आणि प्रशिक्षणाचा एक अर्धा भाग उत्तम चालतो आणि दुसरा अर्धा बंद पडलेला आहे. सहा वर्षं बंद पडलेली गोष्ट दुर्दैवाच्या खात्यात टाकता येत नाही. तिथे कोणाला नेमलं, काय शिकवलं, कोणाला वेळेत हलवलं नाही, हे जीएमचे निर्णय असतात.

मालक पैसेच सोडत नाही, मग जीएमचा काय दोष?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो रास्त आहे. बॉब नटिंग २००७ पासून क्लबचे प्रमुख मालक आहेत. मेजर लीगमध्ये पगारावर पक्की मर्यादा नाही. एका रेषेच्या वर गेलं तर दंडवजा कर भरायचा, इतकंच. त्यामुळे २०२५ मध्ये डॉजर्सचा पगारखर्च ३० कोटी डॉलरच्या वर होता आणि पायरेट्सचा १० कोटींच्या आत. श्रीमंत क्लबांकडून गरीब क्लबांकडे उत्पन्नाचा वाटा येतो, तो पायरेट्सनाही मिळतो. तो मैदानावर पुरेसा खर्च होत नाही अशी तक्रार खेळाडूंच्या संघटनेने २०१८ मध्ये चार क्लबांविरुद्ध केली होती, त्यांत पायरेट्स होते. क्लबने फ्री एजंटला, म्हणजे करारातून मोकळ्या खेळाडूला, दिलेला आजवरचा सर्वांत मोठा करार म्हणजे फ्रान्सिस्को लिरियानोचा, तीन वर्षांचे ३.९ कोटी डॉलर. तो डिसेंबर २०१४ मधला आहे!

२०२५ च्या घरच्या पहिल्या सामन्याला स्टेडियमवरून ‘संघ विकून टाका, बॉब’ असा फलक ओढत विमान फिरलं. लोकांना खरा वैताग कोणाचा आहे ते तिथेच कळतं.

तरीही चेरिंग्टनना मालकाच्या आड लपू देऊ नये, असं मला वाटतं. टँपा बे, मिलवॉकी, क्लीव्हलँड हे क्लबही काटकसरीचेच, पण ते वर्षानुवर्षं प्लेऑफच्या शर्यतीत असतात. कमी पैशात चालवणाऱ्याकडून अपेक्षा एवढीच, की जे फुकट मिळतं ते वाया जाऊ नये. ड्राफ्टमधला पहिला क्रमांक फुकट मिळतो. मायनर लीगमध्ये स्विंग सुधारून देणारा प्रशिक्षक एका सुमार रिलीफ पिचरच्या पगारात येतो. मालकाने हात आखडता घेतला म्हणून रेनॉल्ड्सच्या शेजारी महागडा फलंदाज आला नाही, हे खरं. घरचा का नाही आला?

मॅनेजरला काढलं होतं ना? मग आता जीएम कशाला?

८ मे २०२५ ला डेरेक शेल्टन यांना काढलं, तेव्हा संघ १२–२६ होता. डॉन केली आले आणि उरलेल्या हंगामात संघ ५९–६५ खेळला, म्हणजे जरा बरा. पण केलींना बॅटर तेच मिळाले जे शेल्टनना मिळाले होते. स्वयंपाकात मीठ कमी पडलं असेल तर वाढपी बदलून उपयोग नाही.

जीएम बदलून कोणाचं भलं झालंय का?

झालंय, आणि वाटोळंही झालंय. तीन गावांची गोष्ट सांगतो.

डेट्रॉइट. टायगर्सनी ऑगस्ट २०२२ मध्ये जीएम अल अविला यांना काढलं आणि सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून स्कॉट हॅरिस यांना आणलं. ६६ विजयांवरून ७८, मग ८६, आणि २०२४ मध्ये दहा वर्षांनी प्लेऑफ. हॅरिस यांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण त्या संघाचा कणा कोण? तारिक स्कुबल, जो २०१८ मध्ये अविलांच्या लोकांनी ड्राफ्टच्या नवव्या फेरीत उचलला. रायली ग्रीन, २०१९. स्पेन्सर टॉर्केल्सन, २०२०. पेरणी एकाची, मळणी दुसऱ्याची. हॅरिस यांनी केलं ते हे, की ही पोरं जिथे अडकली होती तिथून पुढे नेणारी यंत्रणा बसवली. पिट्सबर्गची गरज नेमकी हीच असल्यामुळे डेट्रॉइटचं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं.

शिकागो. व्हाइट सॉक्सनी ऑगस्ट २०२३ मध्ये केनी विल्यम्स आणि रिक हान या दोघांना एकदम काढलं. लोकांनी फटाके वाजवायचे तेवढे बाकी ठेवले. नऊ दिवसांत, बाहेरच्या कोणाची धड मुलाखत न घेता, मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी घरातल्याच क्रिस गेट्झ यांना बढती दिली. पुढचं वर्ष: ४१ विजय, १२१ पराभव. आधुनिक बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके पराभव कोणाचेच नव्हते. सगळा दोष गेट्झ यांचा नाही, संघ आधीच पोखरलेला होता. पण काढण्याची घाई आणि नेमण्याचा आळस एकत्र आले की काय होतं, ते तिथे दिसलं.

बोस्टन. तिथे हा जवळपास वार्षिक उत्सव आहे. डेव्ह डोंब्रोव्स्की यांनी २०१८ ची वर्ल्ड सिरीज जिंकून दिली आणि वर्षाच्या आत, सप्टेंबर २०१९ मध्ये, त्यांना नारळ मिळाला. मग हाइम ब्लूम आले, त्यांनी मुकी बेट्ससारखा हिरा डॉजर्सना दिला, त्याबद्दल शिव्या खाल्ल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तेही गेले.

ह्यूस्टनने धीर धरला, ते जिंकले. पायरेट्सनी का धरू नये?

जेफ लुनाऊ डिसेंबर २०११ मध्ये ॲस्ट्रोज या ह्यूस्टनच्या संघात जीएम म्हणून आले. २०१२ मध्ये १०७ पराभव, २०१३ मध्ये १११. पण २०१५ मध्ये संघ प्लेऑफमध्ये होता आणि २०१७ मध्ये विजेता. म्हणजे चौथ्या वर्षी फळ दिसलं. तिथे प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरण्याचं प्रकरण पुढे उघडकीला आलं आणि २०२० मध्ये लुनाऊ यांना त्यापायी जावं लागलं, तो भाग वेगळा. धीराचं उदाहरण म्हणून ह्यूस्टन दाखवणाऱ्यांनी वर्षं मोजावीत. चेरिंग्टन यांची सहा पूर्ण झाली आहेत.

काढायचंच तर कधी?

हंगाम संपल्याबरोबर, ऑक्टोबरात. नव्या माणसाला फ्री एजंट आणि ट्रेडचा अख्खा हिवाळा मिळतो, प्रशिक्षक बदलता येतात.

उलट वॉशिंग्टनचं बघा. नॅशनल्सनी ६ जुलै २०२५ ला माइक रिझो यांना आणि मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ यांना एकाच दिवशी काढलं. रिझो म्हणजे २०१९ ची वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा माणूस. ड्राफ्ट एका आठवड्यावर आलेला, आणि त्यात पहिला क्रमांक त्यांचाच! तो अख्ख्या वर्षातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हंगामी जीएमवर येऊन पडला.

पायरेट्सच्या हातून २०२५ चा ऑक्टोबर निसटला आहे. आता मध्येच काढायचं असेल तर ट्रेडच्या मुदतीच्या आणि ड्राफ्टच्या आधी घाईने काढू नये. ते दोन्ही उरकल्यावर, ऑगस्टात, काढलं तर हरकत नाही. डेट्रॉइटने तेच केलं होतं.

नवा माणूस कसा हवा?

बाहेरचा, आणि फलंदाज घडवण्याचं काम जवळून पाहिलेला. याउपर मोठं नाव वगैरे शोधू नये; पिट्सबर्गला मोठ्या नावाचं आकर्षण परवडत नाही.

स्टेडियमच्या विटांचं प्रकरण आणि क्लेमेंटेचा २१ आकडा, हेही चेरिंग्टन यांचंच काम का?

मुळीच नाही, आणि ही सरमिसळ थांबली पाहिजे. पीएनसी पार्क बांधताना चाहत्यांनी पैसे भरून स्वतःच्या कुटुंबाची नावं कोरलेल्या विटा बाहेर बसवल्या होत्या. २०२५ मध्ये त्या काढल्या गेल्या आणि भंगाराच्या ढिगात सापडल्या. त्याच सुमाराला उजव्या भिंतीवरच्या, पायरेट्सचा दिवंगत महान खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याच्या २१ या जर्सी क्रमांकाच्या जागी मद्याची जाहिरात लागली. ती भिंत मुळात २१ फूट उंच बांधली आहे ती क्लेमेंटेसाठी! गदारोळ झाला, क्लबने माघार घेतली. पण हे धंद्याच्या बाजूचे निर्णय. जीएम विटा आणि जाहिराती बघत नाही.

डिसेंबरात त्यांनी खेळाडू घेतले की. आता तरी थांबावं ना?

रायन ओहर्नला दोन वर्षांसाठी २.९ कोटी डॉलर दिले आणि ट्रेडमधून ब्रँडन लाऊ आणला. दोन्ही चाली चांगल्याच आहेत. चेरिंग्टन यांच्या आधीच्या सहा हिवाळ्यांत एकाही फ्री एजंट फलंदाजाला एका वर्षापेक्षा मोठा करार मिळाला नव्हता, हे लक्षात घेतलं तर मालकाने यंदा थोडी मूठ सोडली आहे असं दिसतं. पण विकत आणलेल्या बॅटने घरच्या कारखान्याची परीक्षा होत नाही. ती कॉनर ग्रिफिनवर होईल. २०२४ मध्ये नवव्या क्रमांकावर शाळेतून घेतलेला हा शॉर्टस्टॉप एकोणिसाव्या वर्षी डबल-ए पर्यंत (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली) पोहोचला आहे, आणि आतापर्यंत तरी बॅट तळपते आहे. तो वर येऊन टिकला तर माझ्या आक्षेपातली बरीच हवा जाईल.

भारताचा पायरेट्सशी काही संबंध आहे का?

आहे. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पायरेट्सनीच करारबद्ध केलं होतं. एका टीव्ही स्पर्धेतून ते पुढे आले होते, आणि अमेरिकन मेजर लीग क्लबशी करार करणारे ते पहिले भारतीय. मेजर लीगपर्यंत दोघेही पोहोचले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला. तो करार करणारे जीएम होते नील हंटिंग्टन.

काढलं तर चेरिंग्टन यांचं पुढे काय?

त्यांची चिंता नको. या धंद्यात माणसं फिरत राहतात. ऑगस्ट २०१५ मध्ये डेट्रॉइटने डोंब्रोव्स्की यांना मोकळं केलं आणि त्यांच्या जागी अविला आले. दोन आठवड्यांत बोस्टनने त्याच डोंब्रोव्स्कींना जीएमच्याही वर आणून बसवलं, म्हणून तिथून चेरिंग्टन बाहेर पडले. बोस्टनने २०१८ मध्ये जिंकलं तेव्हा संघात राफाएल डेव्हर्स आणि अँड्र्यू बेनिनटेंडी होते, दोघेही चेरिंग्टन यांच्या काळात आलेले. म्हणजे घरचे फलंदाज त्यांना एकदा जमले होते. बोस्टनने काढल्यावर डोंब्रोव्स्की फिलाडेल्फियाला गेले आणि २०२२ मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचले. ब्लूम आता सेंट लुईसचा कारभार बघतात, आणि तो संघ पायरेट्सच्याच गटात असल्यामुळे दर वर्षी पिट्सबर्गला येतो.